श्रवण-संकेतस्थळे आणि संगीताचा अभ्यासक : एक तुलनात्मक परीक्षण

गेल्या वीस वर्षांत संगीत ऐकण्याचे साधन पार पालटून गेले आहे. पूर्वीच्या अभ्यासकाला एखादी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकावयाची झाल्यास प्रथम ती कोणा संग्राहकाकडे आहे याचा तपास करावा लागे. मग त्याची मर्जी संपादन करावी लागे. आणि शेवटी ती वाजविणारे यंत्र सुस्थितीत असावे लागे. आज तीच मुद्रिका पदव्युत्तर वर्गातील कोणताही विद्यार्थी आपल्या खोलीत बसून, बहुधा एक पैही न देता, ऐकू शकतो. ही सोय लहान नव्हे, आणि तिच्याविषयी कृतज्ञताबुद्धी बाळगणे योग्यच आहे. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे ते विश्वसनीय झाले असे मात्र नाही. नाट्यसंगीत, भावगीत, ओवी यांसारख्या विषयांवरील प्रबंधांतून या संकेतस्थळांचे हवाले आता सर्रास येऊ लागले आहेत. अशा वेळी या साधनांचे परीक्षण अभ्यासकाच्या दृष्टीने कोणीतरी करावयास हवे. प्रस्तुत लेखात तोच अल्पसा प्रयत्न केला आहे.

या संकेतस्थळांची तुलना एरव्हीही केली जाते. ती सामान्यतः तीन गोष्टींवर आधारलेली असते : गीतांची संख्या, वर्गणीची रक्कम आणि ध्वनीची गुणवत्ता. रसिकाला हे निकष पुरेसे आहेत. अभ्यासकाची गरज निराळी असते. त्याला केवळ ऐकावयाचे नसते. जे ऐकले ते काय होते, कोणाचे होते, केव्हाचे होते, आणि ते दुसऱ्या अभ्यासकास पुन्हा तसेच ऐकता येईल काय, हे त्याला सांगावयाचे असते. म्हणून आम्ही येथे चार निकष घेतले आहेत : नाव, ओळख, ध्वनी आणि चिरस्थायित्व. यांपैकी पहिले दोन मुख्यतः भाषेचे प्रश्न आहेत; आणि भाषाभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे कारणही तेच आहे.

१. नाव

शोध घेण्याची क्रिया ही नावापासून सुरू होते. व्यापारी संकेतस्थळांवर, म्हणजे स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक इत्यादींवर, मराठी गीतांच्या पुष्कळशा नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात. मराठीचे रोमन लिप्यंतर कोणत्याही एका पद्धतीने झालेले नाही. ज्या प्रकाशकाकडील लिपिकाला जसे सुचले तसे त्याने लिहिले. त्यामुळे 'दीनानाथ' हे नाव कोठे ऱ्हस्व इकाराने लिहिलेले सापडते, तर कोठे दीर्घ ईकारासाठी दोन 'ई' घालून. 'गीत रामायण' हे कोठे एक पद आहे, कोठे दोन. कोठे त्याच्या अंती अकार दाखविला आहे, कोठे नाही. शोधयंत्र अशा काही रूपांची मोट बांधू शकते, सर्वांची नाही. परिणामी एकाच वस्तूची अनेक नावे होतात आणि विद्यार्थी जे रूप लिहील तेवढेच विश्व त्याला दिसते.

याच्या उलट दोषही आहे. रोमन लिपीतील व्यवहारोपयोगी लेखनात 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न', 'ट' आणि 'त' यांतील भेद नाहीसा होतो. 'काळा' आणि 'काला' हे दोन शब्द एकरूप होतात. बालगंधर्वांतील 'बाल' आणि बाळ कोल्हटकरांतील 'बाळ' यांचे लेखन एकच ठरते. मराठीत 'ळ' हा अर्थभेदक वर्ण आहे, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु मराठी संगीताच्या या प्रचंड सूचीला ते ठाऊक नाही. म्हणजे आमच्या भाषेतील एक स्वनिम सूचीच्या पातळीवर लोप पावला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

व्यक्तिनामांचा प्रश्न याहून बिकट आहे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे बालगंधर्व. रामभाऊ कुंदगोळकर हे सवाई गंधर्व. सौदागर नागनाथ गोरे हे छोटा गंधर्व. शिवपुत्र कोमकळी हे कुमार गंधर्व. 'गंधर्व' ही येथे पदवी आहे, आडनाव नव्हे. पाश्चात्य नामपद्धतीवर बेतलेली सूची मात्र तिला कुलनाम समजते आणि चार भिन्न घरांतील, भिन्न तालमीतील कलावंतांना एका कुटुंबात बसविते. याउलट एकाच गायकाचे नाव 'पंडित', 'उस्ताद', 'डॉ.' अशा उपाधीसह आणि उपाधीविना निरनिराळे नोंदले गेल्यामुळे त्याचे दोन-तीन कलावंत होतात. हे दोष हास्यास्पद वाटतील. पण एखाद्या गायकाच्या 'सर्व उपलब्ध मुद्रिका तपासल्या' असे विधान जेव्हा प्रबंधात येते, तेव्हा त्या विधानाची किंमत अशा लहानसहान दोषांवरच अवलंबून असते.

रागनामांविषयी वेगळे सांगावयास नको. 'मालकंस' आणि 'मालकौंस', 'भीमपलास' आणि 'भीमपलासी' हे पर्याय तर आपल्या बोलण्यातही आहेत. परंतु हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींची गीते एकाच कोठारात पडल्यामुळे नवाच घोटाळा उद्भवतो. कर्नाटक पद्धतीतील 'हिंदोलम्' हा हिंदुस्थानी 'हिंडोल' नव्हे. त्याचे स्वर आपल्या मालकंसाशी जुळतात. कर्नाटक 'तोडी' ही आपल्या तोडीची बहीण नाही. तिची स्वरावली आपल्या भैरवीची आहे. नावाच्या साम्यावरून दोन मुद्रिका शेजारी ठेवणाऱ्या यंत्राला हे कळण्याचा मार्ग नाही, आणि ते कळवील अशी नोंदही त्याला कोणी दिलेली नाही.

२. ओळख

नाव सापडले तरी वस्तूची ओळख पटली असे होत नाही. भाषाशास्त्रात आपण शब्द आणि त्याचा प्रत्यक्ष उच्चार यांत भेद करतो : शब्द एक, उच्चार असंख्य. संगीतातही हाच भेद आहे. रचना एक, तिचे गायन अनेक, प्रत्येक गायनाचे मुद्रण निराळे, आणि एकाच मुद्रणाची प्रकाशने पुन्हा अनेक. ग्रंथालयशास्त्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये ग्रंथांसाठी अशीच चार पातळ्यांची मांडणी केली. ध्वनिमुद्रण-व्यवसायातही रचनेसाठी एक आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि मुद्रणासाठी दुसरा, अशी सोय आहे. मुद्रणाचा बारा अक्षरांचा क्रमांक १९८६ पासून प्रचारात आला. तेव्हा तत्त्वतः अडचण नाही; अडचण आहे ती व्यवहाराची. या क्रमांकात वर्षाचे दोन अंक असतात, पण ते क्रमांक दिला गेल्याचे वर्ष सांगतात, गायन झाल्याचे नव्हे. शिवाय श्रोत्याच्या समोर जो पडदा येतो त्यावर शीर्षक, 'कलावंत', संग्रहाचे नाव आणि प्रकाशनाचे वर्ष एवढेच प्रामुख्याने दिसते. ते वर्षदेखील पुष्कळदा नव्या संग्रहाचे असते. १९३० च्या आसपास गायिलेले पद अशा रीतीने एकविसाव्या शतकातील ठरते.

या अव्यवस्थेचे दोन नमुने पाहू.

पहिला नमुना 'गीत रामायणा'चा. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाली आणि आठवड्यास एक गीत याप्रमाणे वर्षभर चालली. अधिक मासामुळे गीतांची संख्या ५६ झाली. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे इत्यादी अनेक गायक-गायिकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते गायिली होती. पुढे फडके यांनी सर्व ५६ गीते स्वतःच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली, आणि ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे घरोघर गेले ते हेच रूप. आज व्यापारी संकेतस्थळांवर 'गीत रामायण' या नावाने जे प्रथम समोर येते ते फडके यांचे एकस्वरी रूप होय. नभोवाणीवरील बहुस्वरी रूप आणि हे एकस्वरी रूप ही एकाच रचनेची दोन अगदी निराळी गायने आहेत. पहिल्यात सीतेचे गीत स्त्रीकंठातून येते. दुसऱ्यात सर्व पात्रे एका निवेदकाच्या वाणीत विलीन होतात. एक नाट्याच्या जवळ जाते, दुसरे कीर्तनाच्या. हा भेद न जाणता 'गीत रामायणातील नाट्यात्मता' अशा विषयावर एखाद्याने लिहावयास घेतले, तर त्याचे सारे विवेचन डळमळीत पायावर उभे राहील. आणि संकेतस्थळ त्याला सावध करील अशी कोणतीही खूण तेथे नाही.

दुसरा नमुना 'कट्यार काळजात घुसली'चा. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्याच नावाचा चित्रपट २०१५ मध्ये निघाला. त्यात अभिषेकींच्या काही चालींबरोबर शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आहेत आणि गाणारे कंठ निराळे आहेत. शोधपेटीत हे नाव लिहिले असता चित्रपटाची गीते पुढे येणे स्वाभाविक आहे, कारण यंत्राचा क्रम लोकप्रियतेचा असतो, कालाचा नव्हे. 'बालगंधर्व' या नावाचेही तसेच आहे. २०११ च्या चित्रपटातील आनंद भाटे यांचे गायन आणि खुद्द नारायणरावांचे गायन एकाच नावाखाली येते. भाटे यांचे गायन स्वतंत्रपणे आस्वाद्य आहेच. परंतु अनुकरण आणि मूळ यांची सरमिसळ होऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे.

नाट्यपदाच्या बाबतीत आणखी एक हानी होते. 'मानापमान' (१९११) किंवा 'स्वयंवर' (१९१६) यांतील पदाची खरी ओळख म्हणजे नाटक, अंक, पात्र, नाटककार, चाल देणारा आणि ज्या चिजेवर चाल बसविली ती मूळ चीज. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखले यांच्या. दोन्ही नाटके खाडिलकरांची. नाट्यसंगीताचा इतिहास या नावांतच गुंफलेला आहे. व्यापारी सूचीत मात्र ही सर्व माणसे एका 'कलावंत' या रकान्यात कोंबली जातात, किंवा त्यांतील गायकाखेरीज इतर सर्व गळून पडतात. ख्यालाच्या नोंदीत तर कित्येकदा रागाचे नाव आणि 'विलंबित' वा 'द्रुत' एवढेच असते. बंदिश कोणती याचा पत्ता नसतो. एकाच मैफलीतील विलंबित आणि द्रुत या दोन स्वतंत्र नोंदी होतात, आणि गीते उलटसुलट क्रमाने वाजविण्याची सोय वापरली की द्रुत आधी येऊन विलंबित तासाभराने येते.

हे अटळ आहे असे समजण्याचे कारण नाही. पाश्चात्य अभिजात संगीताच्या अभ्यासकांनी हीच तक्रार दीर्घकाळ केली. रचनाकार, कृती, तिचे खंड, वाद्यवृंद आणि संचालक यांना या सूचीत जागा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी निघालेली 'प्राइमफोनिक' ही सेवा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये विकत घेतली आणि तिच्या पायावर मार्च २०२३ मध्ये अभिजात संगीताचे स्वतंत्र साधन काढले. तेथे एकाच कृतीची निरनिराळी मुद्रणे एकत्र पाहता येतात. राग, ताल, लय, बंदिश, घराणे या आपल्या कोटींवर रचलेली तितकी समर्थ व्यापारी सूची मात्र आपल्याकडे नाही. ज्या समाजाने मागणी केली त्याला साधन मिळाले, एवढाच याचा अर्थ.

३. ध्वनी

ध्वनीच्या गुणवत्तेची चर्चा जाहिरातींत पुष्कळ असते. पण तीत जुन्या मुद्रणांविषयी बोलले जात नाही. भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग याने केली. गौहरजान त्या पहिल्या गायिकांपैकी एक. तेव्हापासून विद्युत् पद्धती रूढ होईपर्यंत, म्हणजे १९२५ आणि त्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत, गायक एका कर्ण्यात गात असे आणि ध्वनिलहरींच्या जोरावरच सुई मेणावर रेषा कोरीत असे. या पद्धतीत सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील कंपने नीट उमटत.

भाषाभ्यासकाला हा आकडा फार महत्त्वाचा आहे. 'स' या वर्णाच्या घर्षणाची शक्ती मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते. 'श'ची त्याहून खाली, पण तीही बहुतांशी या पट्ट्याच्या बाहेरच. मराठीतील दंततालव्य 'च' ('चमचा'मधील) आणि तालव्य 'च' ('चार'मधील) यांतील भेद बव्हंशी याच घर्षणाच्या स्वरूपावर ओळखू येतो. म्हणजे कर्ण्याच्या काळातील मुद्रिकेत हा भेद ऐकू आला नाही, तर तो गायकाच्या उच्चारात नव्हता असे म्हणता येत नाही. तो मेणावर उतरूच शकत नव्हता. 'जुन्या नाट्यगायकांचे उच्चार बोथट होते' अशा तऱ्हेची विधाने अधूनमधून ऐकू येतात. त्यांतील किती गायकांविषयी आहेत आणि किती कर्ण्याविषयी, हे तपासून पाहिले पाहिजे.

यावर आणखी दोन संस्कार होतात. एक गतीचा. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. गती कमीजास्त असे. गतीत सुमारे ६ टक्के फरक पडला की सबंध गाणे अर्ध्या स्वराने वर वा खाली सरकते आणि त्याबरोबर स्वरवर्णांचे गुणही पालटतात. बालगंधर्व कोणत्या पट्टीत गात, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे तबकडी कोणत्या गतीने वाजविली यावर अवलंबून राहते. दुसरा संस्कार सफाईचा. खरखर काढून टाकण्याच्या प्रक्रियेत ऊष्म वर्णांचे घर्षणही खरखर समजून काढले जाण्याचा संभव असतो. रसिकाला असे स्वच्छ केलेले मुद्रण गोड लागते. उच्चाराच्या अभ्यासकाने ते घेऊ नये. मात्र कोणत्या मुद्रणावर कोणते संस्कार झाले आहेत याची नोंद व्यापारी संकेतस्थळावर, आणि यूट्यूबवरील पुष्कळशा खाजगी संग्रहांवरही, सहसा आढळत नाही.

४. चिरस्थायित्व

संदर्भ दिला म्हणजे तो पुढच्या वाचकास सापडला पाहिजे. ग्रंथाच्या बाबतीत हे आपण गृहीत धरतो. श्रवण-संकेतस्थळांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. 'सावन' आणि 'जिओम्युझिक' यांचे २०१८ मध्ये एकत्रीकरण झाले. 'गाना'ने २०२२ मध्ये विनामूल्य श्रवण बंद करून वर्गणीचा मार्ग धरला. 'रेसो' ही सेवा जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झाली, आणि 'विंक' त्याच वर्षी. या प्रत्येक घटनेबरोबर तेथील दुवे, याद्या आणि त्यांवर अवलंबून असलेले हवाले निकामी होतात. सेवा चालू असली तरी प्रकाशकाशी झालेला करार संपला की गीत एका रात्रीत नाहीसे होऊ शकते. श्रोत्याजवळ तेथे मालकी नसते; असते ती केवळ ऐकण्याची परवानगी.

अर्थकारणाचाही यात भाग आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. मग पुढे गीत तीन मिनिटांचे असो वा राग पन्नास मिनिटांचा. २०२४ पासून वर्षभरात एक हजारांहून कमी श्रवणे झालेल्या मुद्रणांना तेथे मानधनाचा वाटा मिळत नाही. दुर्मिळ संगीताचे श्रोते स्वभावतःच थोडे असतात. तेव्हा ज्या मुद्रणांची अभ्यासकाला सर्वांत अधिक गरज, तीच या व्यवस्थेत सर्वांत निराधार ठरतात. त्यांची नोंद कोणी सुधारावी यासाठी आर्थिक कारणच उरत नाही.

विनामूल्य संग्रहांची स्थितीही सर्वस्वी निर्धोक नाही. 'इंटरनेट आर्काइव्ह' या अमेरिकेतील संस्थेने ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जतन करण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. त्याविरुद्ध ऑगस्ट २०२३ मध्ये ध्वनिमुद्रण-कंपन्यांनी दावा लावला आणि तो २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणाचा अधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० मध्ये प्रकाशित झालेले मुद्रण २०२० अखेर मुक्त झाले. त्यातील काव्य आणि चाल यांचे अधिकार मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे चालू राहतात. हा भेद न समजल्यामुळे काहींनी धाडस केले आहे आणि काहींनी विनाकारण भीती बाळगली आहे.

५. दुसऱ्या वर्गातील संकेतस्थळे

येथवरचे विवेचन वाचून वाचक निराश होईल. म्हणून जेथे काम चांगले झाले आहे तिकडे आता वळू.

पहिले स्थान आम्ही जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहास देतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; बर्नार बेल यांनी त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण केले. हा संग्रह 'परी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या पत्रसंग्रहाने २०१७ पासून क्रमाक्रमाने प्रसिद्ध केला आहे. तेथे ध्वनीबरोबर ओवीचा देवनागरी पाठ आहे, भाषांतर आहे, आणि गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुद्रणाची तारीख अशी नोंद आहे. बोलीच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवे ? मुळशीकडील एका निरक्षर बाईच्या ओवीची जेवढी पूर्ण नोंद येथे आहे, तेवढी व्यापारी संकेतस्थळावर महाराष्ट्राच्या सर्वश्रेष्ठ गायकाच्याही वाट्यास आलेली नाही. यावरून दिसते की नोंदीचा प्रश्न हा पैशाचा नसून दृष्टीचा आहे.

'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ मराठी गीतांच्या पाठासाठी आणि तपशिलासाठी फार उपयुक्त आहे. गीतकार, संगीतकार, गायक, नाटक वा चित्रपट, राग आणि गीतप्रकार हे रकाने तेथे वेगवेगळे आहेत आणि सर्व मजकूर देवनागरीत आहे. म्हणजे रोमन लिप्यंतराने हरवलेला 'ळ' येथे सुखरूप आहे. व्यापारी संकेतस्थळावर ऐकावे आणि येथे ओळख पटवावी, असा दुहेरी उपयोग विद्यार्थ्यांनी करण्यासारखा आहे.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अंकीय ग्रंथालयात ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात केलेली ग्रामोफोन-मुद्रणे ऐकावयास मिळतात. त्यांत उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या भाषांत सांगितली आहे आणि कोठे कोठे गाणीही आहेत. सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५) आपण वाचतो. भारतीय भाषांचा त्या काळातील प्रत्यक्ष आवाज कसा होता हे मात्र फार थोडे विद्यार्थी ऐकतात. विक्रम संपत यांनी उभारलेला भारतीय संगीताचा संग्रह आणि प्रसार भारतीच्या पुराभिलेखागाराने यूट्यूबवर खुली केलेली मुद्रणे यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे.

यूट्यूबवरील खाजगी संग्राहकांचे कार्य मिश्र स्वरूपाचे आहे. काही संग्राहक तबकडीच्या कागदी चकतीचे छायाचित्रच दाखवितात; त्यावर कंपनीचा क्रमांक, गायकाचे नाव, राग, नाटक असे सर्व छापलेले असते. अशी एक चित्रफीत दहा स्वच्छ पण निनावी मुद्रणांहून मोलाची समजावी. सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने मुंबईत चाललेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने आणि मायकेल किनिअर यांच्यासारख्या सूचीकारांनी या क्रमांकांच्या आधारेच जुन्या मुद्रणांचे काल निश्चित केले. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाच्या चकतीवर जी माहिती मावत होती, ती आजच्या अमर्याद पडद्यावर मावत नाही, हा या सर्व प्रगतीवरचा सर्वांत कठोर अभिप्राय आहे.

६. निष्कर्ष

आता चारही निकषांवर या साधनांची तुलना थोडक्यात अशी मांडता येईल. विपुलता आणि सोय यांत व्यापारी संकेतस्थळे अग्रेसर आहेत. नाव आणि ओळख यांत ती दुर्बळ आहेत. चिरस्थायित्वाविषयी त्यांची हमी देता येत नाही. यूट्यूब हे सर्वांत मोठे कोठार असून सर्वांत विषमही आहे. तेथे साधनाची परीक्षा न करता संग्राहकाची परीक्षा करावी. विद्वानांनी आणि हौशी अभ्यासकांनी चालविलेले संग्रह संख्येने अल्प, पण नोंदीने समृद्ध आहेत. प्रबंधाचा पाया त्यांवर घालावा.

यातून विद्यार्थ्यांसाठी काही नियम निघतात. केवळ दुवा हा हवाला नव्हे. गायक, रचनाकार, चाल देणारा, मूळ कंपनी व तबकडीचा क्रमांक, गायनाचे वर्ष, कोणत्या संग्रहातून ऐकले आणि कोणत्या तारखेस, इतके तरी द्यावे; आणि यांतील जे निश्चित नसेल तेथे 'अनिश्चित' असे स्वच्छ लिहावे. पडद्यावरील वर्ष दुसऱ्या पुराव्याविना घेऊ नये. शोध देवनागरीत आणि रोमनच्या निदान तीन-चार रूपांनी घ्यावा. उच्चाराविषयी विधान करण्यापूर्वी मुद्रण कर्ण्याच्या काळातील की विद्युत्-काळातील हे पाहावे.

विभागाच्या पातळीवरही एक काम करण्याजोगे आहे. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची तयार करण्याची परंपरा मराठी संशोधनात जुनी आहे. पोथी कोठे आहे, पाने किती, लेखक कोण, लेखनकाल कोणता, हे नोंदल्यावाचून आपण तिच्यावर एक अक्षर लिहीत नाही. तबकडी ही विसाव्या शतकाची पोथी आहे. मराठी नाट्यपदांच्या उपलब्ध मुद्रणांची तशी सूची, देवनागरीत आणि वर सांगितलेल्या रकान्यांसह, दोन-तीन विद्यार्थ्यांच्या तुकडीने एकेक नाटक वाटून घेतले तर काही वर्षांत उभी राहू शकेल. 'सौभद्र', 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या तिन्हींपासून आरंभ करावा. कारण यांची मुद्रणे विपुल आहेत आणि घोटाळाही तेथेच अधिक आहे. गाणी जतन करण्याचे काम यंत्रे करीत आहेत. ती गाणी कोणाची, हे जतन करण्याचे काम मात्र अजून माणसांनाच करावयाचे आहे.